माजीटारच्या वसतिगृहातला भुंगेरा

जुलै 2022 च्या पहिल्या आठवड्यात सिक्कीममधून आलेली एक बातमी काहींना आठवत असेल. रंगपोजवळ माजीटारला मोठं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या शंभरेक विद्यार्थ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले. बहुतेक जण औषधाने बरे झाले, एकाच्या हातावर मात्र शस्त्रक्रिया करावी लागल्याचं छापून आलं. दोषी म्हणून ‘नैरोबी माशी’चं नाव पुढे आलं. व्यवस्थापनाने आवारात कीटकनाशक फवारलं, विद्यार्थ्यांना सूचना दिल्या. पाठोपाठ उत्तर बंगाल आणि बिहारच्या सीमेकडच्या जिल्ह्यांतूनही सावधगिरीचे इशारे निघाले. करोनाची तिसरी लाट ओसरून काही महिनेच झाले होते. बाहेरून काही आलंय म्हटलं की लोक घाबरायला तयारच होते, त्यामुळे आफ्रिकेतून आलेल्या माशीची गोष्ट लगेच रुजली.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटलं ते त्यातल्या विसंगतीमुळे. कातडीवर काय झालंय, याचं निदान चटकन आणि बरोबर झालं. ज्या जिवामुळे झालं त्याची ओळख मात्र एका परदेशी नावापाशी थांबली. मग ‘हा आला कुठून?’ हा एकच प्रश्न सगळीकडे चघळला गेला. खरं तर विचारायला हवं होतं ते असं: आपल्याकडच्या जातींपैकी ही कोणती, वर्षभर ती कुठे राहते, आणि जुलैमध्येच वसतिगृहाच्या खोलीत का शिरते?

मुळात हा जीव माशी नाही, भुंगेरा आहे. स्टॅफिलिनिडी हे भुंगेऱ्यांचं एक अवाढव्य कुळ, 60 हजारांहून जास्त जातींचं. इंग्रजीत त्यांना रोव्ह बीटल म्हणतात. त्यांचं पंखकवच इतकं आखूड असतं की निम्म्याहून जास्त पोट उघडंच राहतं, म्हणून पाहणाऱ्याला भुंगेऱ्यापेक्षा मुंगळ्याचा भास होतो. या कुळातली पिडेरस ही प्रजाती 1775 मध्ये फाब्रिसियसने नोंदली आणि आज तिच्यात 600 हून जास्त जाती मोजल्या जातात. लांबी साधारण 7 ते 10 मिलिमीटर, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. डोकं काळं, छाती नारिंगी, आखूड पंखकवच निळं-हिरवं आणि चकचकीत, पोट नारिंगी, शेपटाचं टोक पुन्हा काळं. डिवचलं की विंचवासारखं शेपूट वर करून धावतो. त्या आखूड कवचाखाली घडी घालून ठेवलेले पूर्ण वाढीचे पंख असतात, पण तो उडण्यापेक्षा पळणंच जास्त पसंत करतो. एकदा नीट पाहिला की पुन्हा चुकणार नाही असा किडा आहे. तरी वसतिगृहातल्या शंभर जणांपैकी किती जणांनी तो अंगावर बसलेला पाहिला असेल, याची मला शंकाच आहे.

कारण तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून झोपेत हात जातो, किडा चिरडतो, आणि त्याच्या शरीरातला द्रव कातडीला लागतो. त्या क्षणी काहीच होत नाही. लाली आणि आग सुरू होते ती 24 ते 48 तासांनी, आणि त्यानंतर बारीक पुरळ, पाण्याचे किंवा पूसदृश फोड. तोपर्यंत परवा रात्री मानेवरून काय झटकलं होतं, हे कोणाच्या लक्षात राहणार? आपल्याकडे असा चट्टा दिसला की ‘रात्री काहीतरी चावलं’ किंवा ‘कोळी मुतला असेल’ म्हणून विषय संपतो. कोळ्याच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेल्या या गुन्ह्यांपैकी बरेच या भुंगेऱ्याचे असावेत, असं माझं मत आहे.

डॉक्टरला मात्र चट्ट्याचा आकारच बरंच काही सांगतो. बोटाने किडा जिकडे घासत नेला तिकडे रेघ उठते, चाबकाचा वळ असावा तशी. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जुळे चट्टे उठतात. हात दुमडला की ते एकमेकांवर बरोबर बसतात. जखम नेहमी उघड्या भागावर: चेहरा, मान, हात. तळहाताची जाड कातडी सहसा वाचते, पण बोटांना लागलेला द्रव डोळ्यापर्यंत पोचला की पापणी सुजते, डोळा लाल होतो. पूर्व आफ्रिकेत त्याला ‘नैरोबी आय’ असंच नाव आहे. एक ते चार आठवड्यांत जखम भरते आणि मागे काळसर डाग राहतो, तो जायला वेळ घेतो.

या रेघेने आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो. रेघेत फोड, आग, लाली. घरातलं वडीलधारं माणूस बघता क्षणी सांगतं, नागीण झाली. मग गेरूचा लेप लागतो, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही म्हणून धावपळ होते, कुठे उतरवून घेतलं जातं. शहरात याच गैरसमजातून विषाणूविरोधी गोळ्या सुरू होतात. दोन्हींतला फरक समोरच असतो, फक्त शोधावा लागतो. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि फोडांच्या आधी बऱ्याचदा त्या जागी ठणका सुरू होतो. भुंगेऱ्याची रेघ मज्जातंतूचं काही मानत नाही, मध्यरेषा ओलांडते, जिकडे बोट गेलं तिकडे जाते. आणि एकाच वसतिगृहात एकाच आठवड्यात इतक्या तरुण मुलांना नागीण होत नसते. माजीटारला निदान लवकर झालं त्यात या संख्येचाही हात असणार. एकटा रुग्ण आला असता तर कदाचित तो गोळ्या घेऊन परत गेला असता.

वसतिगृहात दुसरी भीती असते ती संसर्गाची. हा त्रास एकाचा दुसऱ्याला होत नाही. फोडातलं पाणी लागून नवा चट्टा उठत नाही. विष किड्यात असतं, फोडात नाही. एका खोलीतल्या तिघांना झालं तर तिघांच्या डोक्यावर एकच दिवा होता, इतकंच. उपचारही साधेच: किडा चिरडल्याचं कळताच साबण आणि भरपूर पाण्याने धुणं, थंड ओल्या पट्ट्या, डॉक्टरने दिलेलं सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड मलम, जिवाणूसंसर्ग झाला तर प्रतिजैविक. फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही. शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण गेलं की त्यात बहुधा विषापेक्षा नंतर शिरलेल्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो.

आता नावाकडे. ज्यांना पूर्व आफ्रिकेत नैरोबी माशी म्हणतात त्या पिडेरस एक्झिमियस आणि पिडेरस सॅबियस या आफ्रिकेतल्या जाती आहेत. 1997-98 च्या एल निनोच्या पावसानंतर केनियात त्यांचा मोठा उद्रेक झाला आणि नाव जगभर गेलं. पण पिडेरस भारताला नवा नाही. ब्रिटिश नौदलातला सर्जन आणि भुंगेऱ्यांचा जाणकार माल्कम कॅमेरॉन याने या कुळावर ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे खंड 1930 ते 1939 दरम्यान लिहिले, त्यात इथल्या पिडेरसांची वर्णनं आहेत. पिडेरस फ्युसिपीस ही जाती तर ब्रिटनपासून मध्य आशिया, भारत, जपान ते थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी पंजाब, केरळ, तमिळनाडूतून असे रुग्ण नोंदवले आहेत. पश्चिम ओडिशातल्या 590 रुग्णांची पाहणी 2007 मध्येच प्रसिद्ध झाली होती. माजीटारच्या 15 वर्षं आधी! हे सगळं बाजूला ठेवून आफ्रिकेहून सिक्कीमच्या डोंगरात उडत आलेल्या किड्याची कल्पना करायला बरीच मेहनत लागते. स्थानिक जातीचा उद्रेक हे कितीतरी साधं आणि संभाव्य उत्तर आहे.

मग ‘ही जाती कोणती’ हे ठामपणे का सांगता येत नाही? कारण या प्रजातीतल्या जाती रंगावरून ओळखणं अवघड असतं. बहुतेकींचा पोशाख एकच. फरक कळतो नराच्या जननांगाच्या आकारावरून, म्हणजे नर सापडायला हवा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं विच्छेदन करायला हवं आणि ते वाचता येणारा माणूस हवा. चिरडलेल्या किड्याचं नारिंगी-काळं चोथापाणी घेऊन आलेल्या रुग्णाकडून यातलं काहीच मिळत नाही. परिणामी भारतीय वैद्यकीय लेखांत ‘पिडेरस’ इतकंच किंवा अंदाजाने पिडेरस मेलॅम्पस असं लिहिलेलं सापडतं. काही ठिकाणी त्याला फोड आणणाऱ्या वेगळ्याच कुळातल्या भुंगेऱ्यांत, म्हणजे कॅन्थॅरिडिन स्रवणाऱ्या मेलॉइडी कुळात ढकललेलं असतं. दोन्हींचं रसायन वेगळं, जखमेची चाल वेगळी. कॅन्थॅरिडिनचा मोठा फोड काही तासांत येतो आणि फारशी लाली न आणता बसतो. पिडेरसचा चट्टा उशिरा येतो, पण आधी लाल होतो.

किड्यातल्या विषाची गोष्ट मात्र या सगळ्यात सुरस. इटालियन संशोधक मारिओ पावान आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याला पेडेरिन नाव दिलं. त्यासाठी पिडेरस फ्युसिपीसचे जवळजवळ अडीच कोटी किडे जमवावे लागले. पेडेरिन पेशीतली प्रथिननिर्मिती रोखतं, तेही अत्यल्प प्रमाणात, म्हणून पेशींचं विभाजन थांबतं आणि कातडीचे थर मरतात. चट्टा उशिरा का येतो याचंही हेच स्पष्टीकरण. आम्ल ओतल्यासारखं ते जाळत नाही, पेशीला आतून उपाशी ठेवतं, आणि पेशी मरायला वेळ लागतो. बातम्यांत हमखास ‘ॲसिड सोडणारी माशी’ लिहिलं जातं, ते या अर्थानेही चूक आहे.

पण हे विष भुंगेरा स्वतः बनवतच नाही. जर्मनीतले रूपर्ट केल्नर यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की पेडेरिन तयार करण्याची क्षमता फक्त काही माद्यांकडे असते. या माद्या ते अंड्यांत भरतात, अंड्यातून निघालेल्या अळीला त्याचा वाटा मिळतो आणि लांडगा-कोळी (वुल्फ स्पायडर) या कोळ्यांसारखे शिकारी अशी अळी तोंडात घेऊन टाकून देतात. पेडेरिन नसलेल्या मादीची अळी मात्र सहज खाल्ली जाते. गंमत अशी की पेडेरिन नसलेल्या मादीच्या अळीला पेडेरिन असलेली अंडी खायला घातली, तर मोठी झाल्यावर तीही ते बनवू लागते. म्हणजे अंड्यातून काहीतरी जिवंत पुढे जात होतं. 2001 मध्ये पिडेरस सॅबियसवर, म्हणजे खऱ्या नैरोबी माशीवर, प्रतिजैविकं देऊन केल्नरनी ही क्षमता दडपली. पाठोपाठ कारण सापडलं: स्यूडोमोनस एरुजिनोसाचा जवळचा नातलग असलेला, किड्याच्या पोटात राहणारा जिवाणू. 2002 मध्ये येर्न पील यांनी पेडेरिन घडवणाऱ्या जनुकांचा समूह शोधला आणि तो भुंगेऱ्याचा नसून जिवाणूचा असल्याचं दिसलं. पेडेरिनच्या जवळची रसायनं त्याआधी समुद्रातल्या स्पंजांत सापडली होती. तिथेही कारागीर जिवाणूच निघाले.

विदर्भातल्या वाचकांसाठी इथे एक आडवाट. नागपुरी संत्र्याच्या पानांवर बसणारा सिट्रस सायला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ग्रीनिंग रोगाचा प्रसार तोच करतो. 2013 मध्ये जपानी संशोधक नाकाबाची यांनी दाखवलं की या सायलाच्या शरीरातल्या प्रॉफ्टेला नावाच्या जिवाणूकडे पेडेरिनच्या कुटुंबातलंच एक विष बनवण्याची यंत्रणा आहे. त्याला डायफोरिन म्हणतात. सिक्कीमच्या भुंगेऱ्याचं आणि काटोलच्या बागेतल्या किडीचं हे नातं कोणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का!

माजीटारला याचा थेट संबंध आहे. विष बनवणाऱ्या माद्या काही, न बनवणाऱ्या काही, आणि नरांमध्ये ते अगदी कमी. म्हणजे एकाच दिव्याखाली जमलेले सगळे किडे सारखे धोकादायक नसतात. एकाला पुरळाचा ठिपका येतो, दुसऱ्याची मान आठवडाभर वळत नाही. लोक मग ‘मला तर काहीच झालं नाही’ म्हणून बेफिकीर होतात किंवा दुसऱ्याला नाजूक ठरवतात. दोघांच्या कातडीत फारसा फरक नसतो, फरक चिरडलेल्या किड्यात असतो.

आता जुलै आणि वसतिगृह. पिडेरस ओल्या मातीत राहतो: भातखाचरं, नदीकाठ, पाणथळ गवत, सडता पालापाचोळा. अंडी ओल्या मातीत, अळीच्या दोनच अवस्था, आणि उबदार हवेत काही आठवड्यांत नवी पिढी तयार. अळी आणि प्रौढ दोघेही शिकारी. भातावरचे तपकिरी तुडतुडे, मावा, इतर किडींची अंडी हे त्यांचं खाणं, म्हणून शेतकऱ्याच्या हिशोबात हा मित्रकीटक आहे. कोकणात लावणीच्या दिवसांत बांधावरून पळताना दिसणारा लाल-काळा किडा यांच्यापैकी असू शकतो. पावसाने जमीन भिजली, पाणी वाढलं किंवा पीक कापलं गेलं की ते उडून नवी जागा शोधतात, आणि रात्री उजेडाकडे ओढले जातात. मलेशियात पेनांगच्या संशोधकांनी भातशेतीच्या कामांचं वेळापत्रक आणि जवळच्या उंच इमारतींतल्या फ्लॅटमधले पिडेरस फ्युसिपीस यांची सांगड घालून दाखवली आहे. मार्च 2012 मध्ये इंडोनेशियातल्या सुराबायात हाच प्रकार झाला. तिथे किड्याला ‘टॉमकॅट’ नाव पडलं आणि माजीटारसारखीच घबराट पसरली.

तीस्तेच्या खोऱ्यातल्या सखल, दमट पट्ट्यात उष्णता आहे, पाऊस आहे, खालच्या उतारांवर जून-जुलैत भाताची लावणी होते. त्याच्या मधोमध रात्री उशिरापर्यंत उजळलेली कित्येक खिडक्यांची इमारत. परीक्षेच्या काळातल्या वसतिगृहात दिवे कधी विझतात, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. खिडकीला जाळी नसेल, ट्यूबलाइट पलंगाच्या बरोबर वर असेल, तर भुंगेऱ्याने यापेक्षा वेगळं काय करावं? एखाद्या वर्षी पाऊस-तापमानाचं गणित जुळून त्यांची संख्या वाढली की उद्रेक दिसतो. दरवर्षी दोन-चार जणांना झालेलं कोणाच्या बातमीत येत नाही.

फवारणी हा व्यवस्थापनाचा पहिला उपाय होता. समोर घाबरलेले पालक असताना काहीतरी केल्याचं दिसावं लागतं, हे मी समजू शकतो. पण फवारणी इथे लंगडी पडते. किडे बाहेरून रोज रात्री नव्याने येतात. भिंतीवर मेलेला किडा गादीवर पडतो, आणि पेडेरिन किडा वाळल्यावरही टिकतं, म्हणजे सकाळी चादर झटकताना तो मेलेलाच चिरडला तरी चट्टा उठतो. शिवाय सिक्कीम 2016 मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालेलं. आसपासच्या खाचरांत तुडतुड्यांचा बंदोबस्त करणाऱ्या शिकाऱ्याला शेताच्या कडेला औषध मारून संपवायचं, हा सौदा फायद्याचा नाही.

स्वस्त उपाय कंटाळवाणे आहेत म्हणून बाजूला पडतात. खिडक्यांना बारीक जाळी, मच्छरदाणी. पलंगावरचा दिवा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवणं, व्हरांड्यातला प्रखर दिवा खिडकीपासून लांब नेणं किंवा पिवळसर करणं. झोपण्याआधी उशी आणि चादर झटकून बघणं. पावसाळ्यात दोरीवर वाळलेले कपडे घालण्यापूर्वी एकदा झाडणं. अंगावर दिसलाच तर त्याला कागदावर चढू द्यायचं किंवा फुंकरीने उडवायचं, बोटाने टिपायचं नाही, आणि जिथे बसला होता ती जागा धुवायची. केनियात लोकांना अनेक वर्षं हेच शिकवलं जातं: झटका, चिरडू नका.

नमुन्याचं काम उरतंच. पुढच्या पावसाळ्यात कुठल्याही वसतिगृहात, मग ते माजीटार असो की रत्नागिरी, असे चट्टे उठले तर वॉर्डनने फवारणीच्या पंपाआधी काही छोट्या बाटल्या आणि तीव्र इथेनॉल आणून ठेवावं. दिव्याखालचे किडे चिमट्याने किंवा ओल्या ब्रशने उचलून बाटलीत टाकावेत, एक-दोन नाही, वीसेक तरी, कारण त्यांत नर असायला हवेत. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: गाव, तारीख, वेळ, कोणत्या प्रकारचा दिवा, जवळ भात आहे की नदी, त्या दिवशी पाऊस होता का. इथेनॉलमध्ये ठेवलेल्या किड्यावरून जननांगही पाहता येतं आणि डीएनएही काढता येतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्याला आहे, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तितकंही लांब जायला नको: त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.